काच काळी, गाडी गार?

हिवाळ्यात नंदुरबारच्या बाजूला गेलात, तर मोकळ्या पथाऱ्यांवर लालभडक मिरची वाळत पडलेली दिसते. मिरचीतले पाणी शोषून घेणारे हेच ऊन मे महिन्यात अंग भाजून काढते. नंदुरबार शहर सुमारे २१.४ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भर दुपारी सूर्य तेथे अगदी डोक्यावर येतो. अशा उन्हात तासभर उभ्या असलेल्या मोटारीचे दार उघडले, की भट्टीचे तोंड उघडल्यासारखी झळ अंगावर येते. मग कोणीतरी सुचवतो, “समोरच्या काचेला काळी फिल्म लावून टाका, गाडी गार राहील.”

खरेच राहील का? आणि राहिलीच, तर त्या गारव्याची किंमत कोण मोजणार?

प्रथम गाडी तापते कशी ते पाहू. सूर्यप्रकाश काचेतून सहज आत शिरतो. आसने आणि समोरची फळी तो शोषून घेतात व तापतात. तापलेल्या वस्तूंमधून निघणारे दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण काचेतून थेट बाहेर पडू शकत नाहीत. शिवाय आतली तापलेली हवा बंद काचांमुळे तेथेच कोंडून राहते. मोटार म्हणजे चार चाकांवरचे काचघरच!

आता सूर्यप्रकाशाची फोड करू. आपल्या डोळ्यांना दिसतो तो साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. पण जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. जंबुपार किरणांचा वाटा अगदी थोडा असतो. समोरची काच काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दाबून बनवतात, आणि तो पापुद्रा बहुतेक जंबुपार किरण मुळातच अडवतो.

गंमत पाहा! स्वस्त, रंगवलेली काळी फिल्म मुख्यतः दिसणारा प्रकाश अडवते. अवरक्त किरणांना मात्र ती पुष्कळशी वाट मोकळी ठेवते. जो प्रकाश ती शोषते त्याने ती स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता पुन्हा गाडीतच सोडते. थोडी उष्णता कमी होते हे खरे. पण काळोख जेवढा वाढतो, तेवढा गारवा वाढत नाही. उलट काही फिल्म जवळजवळ पारदर्शक दिसतात, तरीही त्यांच्यातील विशिष्ट संयुगांचे सूक्ष्म कण अवरक्त किरण अडवतात. म्हणजे काळेपणा वेगळा आणि उष्णतारोधकता वेगळी. डोळ्यांनी पाहून फिल्मची निवड करणे फसवे ठरते ते यामुळेच.

आता थोडे गणित. समजा, समोरची काच ७८ टक्के प्रकाश आत सोडते. तिच्यावर ३५ टक्के प्रकाश सोडणारी फिल्म लावली, तर डोळ्यांपर्यंत किती प्रकाश येईल? येथे बेरीज-वजाबाकी चालत नाही, गुणाकार करावा लागतो. ०.७८ × ०.३५ = ०.२७. म्हणजे जेमतेम २७ टक्के! फिल्म ९० टक्के प्रकाश सोडणारी असली, तरी हिशेब ७०.२ टक्क्यांवर येतो. त्यावर धुळीचा थर बसला, की तोही आपला वाटा घेतोच.

सत्तर हा आकडा लक्षात ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवर वेगळी फिल्म चिकटवण्यासच मनाई केली. पुढे नियमांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२१ पासून ठरावीक मानकाच्या प्लॅस्टिक आवरणालाही सुरक्षा-काचेच्या जोडीने स्थान मिळाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्याच आधारे मर्यादेतील फिल्म लावता येते असे म्हटले. मात्र या सगळ्यात ७० आणि ५० हे आकडे जागचे हलले नाहीत.

एवढा आग्रह कशासाठी? त्यासाठी दुपार सोडून तिन्हीसांजेला रस्त्यावर या. शहादा परिसरात गळीत हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या रस्त्याने चाललेल्या असतात. त्यांना मागे दिवा असेलच असे नाही. शेतावरून परतणारी माणसे आणि शाळेतून येणारी मुले कडेने चालत असतात. उजेड कमी झाला, की डोळ्याची बाहुली मोठी होते, पण अंधाराला पुरते सरावायला दृष्टिपटलाला बराच वेळ लागतो. अशा वेळी २७ टक्केच प्रकाश पोहोचला, तर मळक्या कपड्यांतला माणूस रस्त्याच्या रंगात मिसळून जातो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २० मीटर धावते. माणूस अर्धा सेकंद उशिरा दिसला, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच गाडी १० मीटर पुढे गेलेली असते. गारवा गाडीतल्याला मिळतो, आणि त्याची किंमत कदाचित पायी चालणाऱ्याला मोजावी लागते! काळा चष्मा संध्याकाळी काढून ठेवता येतो. काचेवर चिकटवलेली फिल्म काढता येत नाही.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. पुष्कळशा मोबाइलमध्ये प्रकाशमापक असतो आणि त्याचे आकडे दाखवणारे ॲपही मिळते. शिक्षकांच्या मदतीने व्हरांड्यात, उजेड स्थिर असताना, एक नोंद घ्या. मग मापकावर रंगीत जिलेटीन कागद धरून दुसरी घ्या. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा आणि शंभराने गुणा. आता एकावर एक दोन कागद धरा. एक कागद ८० टक्के प्रकाश सोडत असेल, तर दोन कागद किती सोडतील? साठ नव्हे, चौसष्ट! मात्र कोणत्याही कागदातून किंवा फिल्ममधून सूर्याकडे कधीही पाहू नका.

मग उन्हाला उपाय काय? गाडी लिंबाच्या सावलीत उभी करा. समोरच्या काचेला आतून चंदेरी पुठ्ठा लावा. तो प्रकाशाची उष्णता होण्याआधीच त्याला आल्या वाटेने परत पाठवतो. निघताना पुठ्ठा काढा आणि दोन्ही बाजूंची दारे मिनिटभर उघडी ठेवून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या. फिल्म लावायचीच असेल, तर दुकानदाराला “किती काळी?” असे विचारू नका. “अवरक्त किरण किती अडवते, आणि काच व फिल्म मिळून प्रकाश किती सोडतात?” असे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सत्तरच्या खाली आले, तर ती फिल्म दुकानातच राहू द्या.