पुन्हा न येणारा लॉगिनचा पडदा

लिनक्स संगणकावर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड विचारणारा चित्ररूप पडदा हा कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, भाग नसून त्या गाभ्यावर चालणाऱ्या एका स्वतंत्र प्रोग्रॅमचे काम असते आणि त्या प्रोग्रॅमला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात. १९८८ मध्ये एक्स विंडो प्रणालीबरोबर आलेला एक्सडीएम हा या घराण्याचा मूळपुरुष. त्यानंतर ग्नोमचा जीडीएम, केडीईचे केडीएम व एसडीडीएम आणि कोणत्याही एका डेस्कटॉपशी बांधलेला नसलेला लाइटडीएम असे वारस येत गेले. उबुंटूने २०११ मध्ये जीडीएम सोडून लाइटडीएम घेतला आणि २०१७ मध्ये ग्नोमकडे परतताना पुन्हा जीडीएमच स्वीकारला. नाव कोणतेही असो, काम तेच राहिले: पडद्यावर चित्र काढणारा सर्व्हर उभा करायचा, वापरकर्त्याची ओळख पटवायची, त्याचे सत्र सुरू करून द्यायचे आणि सत्र संपले की पुन्हा पहिल्या पडद्यावर यायचे.

हा प्रोग्रॅम पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिल्यावर पडदा काळा पडतो आणि काळाच राहतो, तेव्हा 'तो सुरू का होत नाही' हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. प्रश्न चुकीचा नसला तरी अपुरा आहे, कारण पुन्हा सुरू करणे ही एक कृती नसून दोन कृती आहेत: आधीचे बंद करणे आणि नवे चालू करणे. बिघाड पुष्कळदा पहिल्या कृतीत असतो, किंवा त्याहूनही मागे, आधीचा प्रोग्रॅम निर्वेधपणे चालू असताना डिस्कवर झालेल्या एखाद्या बदलात असतो. चालू असलेला प्रोग्रॅम आपल्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी स्मृतीत घेऊन बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या पायाखालच्या फायली बदलल्या तरी त्याचे काही अडत नाही. अडते ते त्याच्या जागी येणाऱ्या नव्या प्रोग्रॅमचे.

तपासाची पहिली पायरी म्हणजे काळ्या पडद्यामागच्या जिवंत यंत्रापर्यंत पोचणे. लिनक्समध्ये चित्ररूप पडद्याखेरीज अक्षरी कन्सोलही असतात आणि कंट्रोल व ऑल्ट यांच्यासह एफ२ किंवा एफ३ दाबल्यास सहसा त्यांपैकी एक उघडतो. तो उघडला नाही तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरच्या सुरक्षित जोडणीने, आत शिरता येते. चित्र काढणारा सर्व्हर आडवा पडताना कन्सोलला चित्रावस्थेतून अक्षरावस्थेत परत आणत नाही, तेव्हा पडदा मेल्यासारखा दिसतो. पण यंत्र तेवढ्यात व्यवस्थित चाललेलेही असू शकते. पुन्हा सुरू करण्याची आज्ञा चित्ररूप सत्रातल्याच टर्मिनलवरून दिली असेल तर आणखी एक पेच उद्भवतो. ती आज्ञा प्रत्यक्षात पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसकडे, म्हणजे सर्व सेवांचा कारभार पाहणाऱ्या सिस्टमडीकडे, जाते आणि टर्मिनल नाहीसे झाले तरी ती पार पाडली जाते, मात्र तिच्या अपयशाचा संदेश वाचायला पडद्यावर काही उरत नाही.

अक्षरी कन्सोलवर सेवेची स्थिती विचारली असता अनेकदा शेवटची ओळ सांगते की, सुरू करण्याची विनंती फार वेगाने वारंवार आली. ही ओळ कारण म्हणून वाचली जाते आणि तेथे तपास वाट चुकतो. सिस्टमडीची मूळ मांडणी अशी आहे की, १० सेकंदांच्या आत एखादी सेवा ५ वेळा सुरू करून झाली की त्यापुढचा प्रयत्न नाकारायचा. म्हणजे ती ओळ आजार सांगत नाही, वैद्याने हात टेकल्याचे सांगते. हा नकार मोडण्यासाठी अपयशाची नोंद पुसणारी वेगळी आज्ञा आहे, पण मूळ दोष तसाच असेल तर ती वापरून तेवढेच प्रयत्न पुन्हा वाया जातात. या नियमाची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. प्रत्येक प्रयत्न कोसळायला २ सेकंदांहून अधिक वेळ घेत असेल तर ५ प्रयत्नांची मर्यादा १० सेकंदांत गाठलीच जात नाही आणि पडदा न थांबता लुकलुकत राहतो. लुकलुकणारा पडदा आणि स्थिर काळा पडदा यांमागे एकच दोष असू शकतो; फरक केवळ कोसळण्याच्या वेगाचा.

नोंदींच्या बाबतीत घाई विशेष महागात पडते. चित्र काढणारा एक्स सर्व्हर आपली नोंद एका फायलीत लिहितो आणि नव्याने सुरू होताना आधीच्या फायलीला 'जुनी' असे शेपूट जोडून बाजूला ठेवतो, पण अशी जुनी प्रत एकच राहते. आपोआप झालेल्या काही प्रयत्नांनंतर नीट चाललेल्या सत्राची नोंद पुसली गेलेली असते आणि हाताने केलेल्या प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर उरलेला पुरावाही जातो. म्हणून अनुभवी प्रशासक आज्ञा पुन्हा देण्याआधी त्या फायलींच्या प्रती काढतात. वाचताना ते कंसातल्या दोन 'ई' अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी, म्हणजे चुकांच्या नोंदी, शोधतात आणि त्यांतली शेवटची नव्हे तर पहिली ओळ धरतात. 'एकही स्क्रीन सापडला नाही' हे वाक्य अशा यादीच्या तळाशी जवळजवळ ठरलेले असते व त्यातून काहीच कळत नाही.

आता पहिल्या कृतीकडे, बंद होण्याकडे. थांबण्याची सूचना मिळाल्यावर सेवेला सहसा ९० सेकंदांची मुदत असते आणि तीत ती थांबली नाही तर तिला सक्तीने संपवले जाते. अशा अकाली मरणामागे काही वस्तू राहून जातात. एक्स सर्व्हर तात्पुरत्या फायलींच्या निर्देशिकेत एक कुलूप-फाइल ठेवतो, जिच्यात त्याचा प्रोसेस क्रमांक लिहिलेला असतो. नवा सर्व्हर तो क्रमांक वाचतो, त्या क्रमांकाची प्रोसेस हयात नसेल तर कुलूप काढून टाकतो आणि हयात असेल तर माघार घेतो; मात्र तो क्रमांक दरम्यान एखाद्या भलत्याच प्रोसेसला मिळालेला असणेही शक्य असते. लाइटडीएम अशा वेळी अडून बसत नाही, शून्य क्रमांकाचा डिस्प्ले व्यापलेला पाहून तो एक क्रमांकाचा घेतो, आणि त्याबरोबर नोंदीची फाइलही बदलते. शून्य क्रमांकाची फाइल पुन्हापुन्हा वाचणारा माणूस मग मागच्या सत्राचीच हकीकत वाचत राहतो. फायलीवरची वेळ आधी पाहण्याची साधी सवय येथे उपयोगी पडते.

डिस्कवर आधीच होऊन गेलेल्या बदलांचे सर्वांत स्वच्छ उदाहरण एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचे आहे. या ड्रायव्हरचे दोन भाग असतात, एक कर्नलमध्ये शिरणारा आणि दुसरा सामान्य प्रोग्रॅमांनी वापरायचा, आणि दोघांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण झाले की डिस्कवरचे दोन्ही भाग नवे होतात, पण कर्नलमध्ये आधीच शिरलेला भाग जुनाच राहतो. चालू असलेल्या सर्व्हरने दोन्ही भाग जुनेच धरलेले असल्याने काही दिवस कोणतीही तक्रार उद्भवत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तो नवा भाग उचलतो आणि कर्नलच्या नोंदीत आवृत्त्या न जुळल्याची ओळ उमटते. डेबियनवर याच जातीचा, पण अधिक क्षुल्लक, प्रकार घडतो. तेथे कोणता डिस्प्ले मॅनेजर चालवायचा हे एका ओळीच्या फायलीत लिहिलेले असते आणि लाइटडीएमची सेवा सुरू होण्याआधी त्या ओळीत आपले नाव आहे का हे पाहते. नवा डेस्कटॉप बसवताना ती ओळ बदलली गेली असेल तर चालू असलेल्या लाइटडीएमला त्याचा पत्ताही नसतो, आणि पुढच्या खेपेस तो दारातूनच परत फिरवला जातो.

पडदा येतो, पासवर्ड स्वीकारला जातो आणि क्षणभराने पुन्हा तोच पडदा समोर येतो, हा प्रकार याहून वेगळा धरला पाहिजे, कारण तेथे डिस्प्ले मॅनेजर निर्दोष असतो. वापरकर्त्याच्या घर-निर्देशिकेत लिहिता न येणे हे त्याचे नेहमीचे कारण: एक तर एक्स सर्व्हरशी जोडणीच्या परवान्याची फाइल कधी तरी प्रशासकाच्या नावावर गेलेली असते, नाही तर डिस्क भरलेली असते. ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत सहसा ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवलेली असते, त्यामुळे त्याचे स्वतःचे लिहिणे चालू राहते आणि जागा संपल्याची शंका उशिरा येते.

काही वेळा मात्र कोणताही उपाय चालत नाही. ड्रायव्हरच्या आत अडकलेली प्रोसेस कर्नलच्या उत्तराची वाट पाहत अशा झोपेत जाते की सक्तीने संपवण्याची सूचनाही तिच्यापर्यंत पोचत नाही. प्रोसेसच्या यादीत तिच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसते. ती जोवर ग्राफिक कार्ड धरून आहे तोवर नवा सर्व्हर उभा राहणे अवघड असते, आणि येथे संपूर्ण संगणक बंद करून सुरू करणे हाच योग्य मार्ग ठरतो. त्याआधी कर्नलची नोंद डिस्कवर उतरवून घेणे अगत्याचे असते, कारण सिस्टमडीची नोंदवही ठरावीक निर्देशिका अस्तित्वात असेल तरच कायमची साठते, अन्यथा ती स्मृतीत राहते आणि यंत्राबरोबर पुसली जाते. डेबियनने अकराव्या आवृत्तीपासून ती निर्देशिका आपोआप देण्यास सुरुवात केली. ज्या यंत्रांवर ती नाही, तेथे ती अक्षरी कन्सोलवरून तेवढ्यात तयार करून नोंदवहीला स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवण्याची आज्ञा देता येते.