लालभडक ‘लुसिफर’ : बागेत आणण्याआधी त्याच्या कंदाची ओळख करून घ्या

नाव वाचून वेबसीरिज आठवली ना? पण हा लुसिफर बागेतला आहे. तीन-चार फूट उंच, तलवारीसारखी हिरवीगार पानं आणि कमानीसारख्या वाकलेल्या दांडीवर ओळीने उमलणारी लालभडक फुलं. या झाडाचं नाव क्रोकोस्मिया आणि ‘लुसिफर’ ही त्याची सगळ्यात गाजलेली जात. बुकेमध्ये दिसणारा ग्लॅडिओलस याचा चुलत भाऊच. दोघंही आयरिस कुळातले.

आणि याच कुळात आपलं केशरही येतं! ग्रीक भाषेत ‘क्रोकोस’ म्हणजे केशर आणि ‘ओस्मे’ म्हणजे वास. क्रोकोस्मियाची वाळलेली फुलं कोमट पाण्यात टाकली की केशरासारखा वास येतो, म्हणून हे नाव. श्रीखंडात मात्र घालायला जाऊ नका हं, हे फक्त शोभेचं झाड आहे.

क्रोकोस्मियाचं माहेर दक्षिण आफ्रिका. तिथल्या डोंगराळ गवताळ भागात आणि ओलसर कड्यांवर त्याच्या जंगली जाती वाढतात. आपल्याकडे जास्वंदीवर भिरभिरणारा शिंजीर पाहिलाय ना? त्याचेच आफ्रिकेतले भाऊबंद या फुलांतला मध प्यायला येतात. लाल रंग, नळीसारखं फूल आणि बसायला मजबूत दांडी, म्हणजे पक्ष्यांसाठी सगळी सोय तयार.

‘लुसिफर’ मात्र जंगलात सापडलेला नाही, तो माणसाने तयार केलाय. 1960च्या दशकात इंग्लंडमधल्या नॉरफोक भागात, ब्रेसिंगहॅम इथल्या अ‍ॅलन ब्लूम यांच्या नर्सरीत दोन आफ्रिकन जातींचा संकर झाला आणि हा रंग जन्माला आला. ब्लूम हे लांब केस, कानात बाळी आणि वाफेच्या इंजिनांचं प्रचंड वेड असलेले गृहस्थ. नर्सरीच्या शेजारी त्यांनी चक्क इंजिनांचं संग्रहालय उभं केलं!

खरी गंमत जमिनीखाली

या झाडाचा कंद दरवर्षी स्वतःच्या डोक्यावर नवा कंद तयार करतो. जुना कंद खालीच राहतो. तीन-चार वर्षांनी झाड उपटून पाहिलं तर माळेत ओवल्यासारखे एकावर एक कंद दिसतात. माळ तुटली की सुटा झालेला कंद पुन्हा फुटू शकतो. एका कुंडीतून चार मैत्रिणींना रोप देता येतं ते यामुळेच.

पण डोकेदुखीही याच कंदाची आहे. ‘लुसिफर’चा नारिंगी फुलांचा एक जुना नातेवाईक आहे, मॉन्टब्रेशिया. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरात व्हिक्टर लेम्वान यांनी तयार केलेल्या या संकराला 1880 साली पहिल्यांदा फुलं आली. लोकांनी तो हौसेने लावला, जास्त झालेले कंद कुंपणाबाहेर फेकले, आणि ते तिथेच रुजले. आज ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंडमध्ये तो ओढ्याकाठी आणि रस्त्याकडेला दाट पसरून स्थानिक झाडांची जागा खातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर तो मोकळ्या निसर्गात लावणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्या उटी, दार्जिलिंगसारख्या थंड, ओल्या डोंगरांतही तो बागेबाहेर पडलेला दिसतो. फिरायला गेल्यावर फोटो जरूर काढा, पण कंद उपटून पिशवीत टाकू नका.

‘लुसिफर’ त्या मानाने बराच शहाणा आहे, तरी कंद त्याचेही वाढतात.

लावायचा असेल तर

शिमला, कुन्नूर अशा थंड हवेत तो खूश असतो, बंगळुरूतही करून बघायला हरकत नाही. नागपूर किंवा चेन्नईच्या उन्हाळ्यात मात्र उगाच पैसे घालवू नका, तिथे लाल कर्दळ जास्त सुख देईल. हिवाळा सरला की बारा इंची कुंडीत चार-पाच कंद तीन-चार इंच खोल लावा. ऊन भरपूर हवं, माती ओलसर हवी, पण कुंडीत पाणी साचायला नको. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली तर घाबरू नका. हवा फार कोरडी असेल तर पानांवर लाल कोळी येतो, म्हणून पानांच्या मागची बाजूही बघत जा. थंडीत पानं वाळतात, कंद जिवंतच असतो.

दर तीन-चार वर्षांनी कंद वेगळे करा. उरलेले ओढ्यात, मोकळ्या प्लॉटवर किंवा घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. फुलं गळली की बिया पडायच्या आत दांड्या कापून घ्या. मण्यांसारख्या बोंडांच्या त्या ओळी फुलदाणीत फार सुरेख दिसतात.