अर्धवट राहिलेली पाणबुडी

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो फेस म्हणजे सुटणारा ऑक्सिजन. दुसऱ्या महायुद्धात याच क्रियेवर पाणबुडी चालवण्याचा घाट जर्मनीत घातला गेला होता!

पाणबुडीची खरी अडचण हवेची. डिझेल इंजिनाला हवा लागते. म्हणून पाण्याखाली पाणबुडी बॅटऱ्यांवर चाले. वेग ताशी जेमतेम 14 किलोमीटर. अभियंता हेल्मुट वाल्टरने विचार केला, ऑक्सिजन बरोबरच नेला तर? तीव्र पेरॉक्साइडचा उत्प्रेरकाशी संबंध आला की त्याचे विघटन होऊन वाफ व ऑक्सिजन मिळतात. त्या ऑक्सिजनमध्ये इंधन जाळायचे आणि टर्बाइन फिरवायचे. 1940 मध्ये बांधलेल्या ‘व्ही-80’ या छोट्या प्रायोगिक पाणबुडीने पाण्याखाली ताशी सुमारे 50 किलोमीटर वेग गाठला!

मग कील येथे ‘प्रकार 18’च्या दोन मोठ्या पाणबुड्या बांधायला घेतल्या, पण 1944 मध्ये काम थांबले. पेरॉक्साइड महाग, दुर्मिळ, शिवाय धोक्याचे. औषधाच्या बाटलीत ते सुमारे 3 टक्के असते; वाल्टरला 80 टक्के लागे. हा धोका किती खरा, ते पुढे 2000 साली दिसले. रशियाच्या ‘कुर्स्क’ पाणबुडीत पेरॉक्साइडवर चालणाऱ्या पाणतीराचा स्फोट झाला आणि तिच्यावरील 118 जण प्राणास मुकले.

मात्र अर्धवट पाणबुडीचा आराखडा वाया गेला नाही. तिच्या मोठ्या, निमुळत्या सांगाड्यात पेरॉक्साइडऐवजी जादा बॅटऱ्या बसवल्या आणि ‘प्रकार 21’ जन्मला. पाण्याखाली त्याचा वेग ताशी 31 किलोमीटर! युद्धानंतर अनेक देशांनी त्याचेच धडे गिरवले. मित्रांनो, फसलेला प्रयोगही पुढची वाट दाखवतो, तो असा.