शिवलेला खांदा पुन्हा उसवला तर

आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी, वय वर्षे त्रेसष्ट, रविवारच्या मिस्सेनंतर आमच्याकडे आले. क्रुसाची खूण करताना त्यांना उजव्या हाताचे कोपर डाव्या हाताने उचलून धरावे लागते. दीड वर्षापूर्वी शहरात खांद्याची शस्त्रक्रिया झाली. आता एमआरआयमध्ये शिवण उसवलेली दिसते. एक डॉक्टर म्हणतात पुन्हा शिवू, दुसरे म्हणतात सांधाच बदलू. "फादर, एक म्हैस विकली, आता दुसरीही विकू काय?" असा त्यांचा सवाल. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु जाणकारांना विचारून व वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत. ऊसतोड, फवारणीचा पंप आणि पोत्यांची चढउतार करणाऱ्या आपल्या लोकांना हे दुखणे नवे नाही.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेले लिंबू. ते घसरू नये म्हणून चार स्नायूंच्या कंडरा टोपड्यासारख्या त्याला वेढून असतात. या टोपड्याला रोटेटर कफ म्हणतात. हात वर करताना बाहेरचा जाड त्रिकोणी स्नायू, म्हणजे डेल्टॉइड, हाडाला वर खेचतो व हे टोपडे गोळा बशीत दाबून धरते. टोपडे फाटले की गोळा वर सरकून छपराच्या हाडावर घासू लागतो.

शिवण का उसवते? दर वेळी डॉक्टरांचा दोष असतो असे नव्हे. कंडरा हाडाला धरायला काही महिने लागतात. त्याआधी कळशी उचलली की संपले. तंबाखू व मधुमेह यांनीही भरणे मंदावते. पण मोठे कारण म्हणजे जुनी फाट. ओढ न राहिलेल्या स्नायूत चरबी भरते आणि ती बहुधा परत जात नाही. गुटालिए या फ्रेंच सर्जनने १९९४ साली याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या सांगितल्या. तिसऱ्या पायरीवर स्नायू आणि चरबी निम्मेनिम्म असतात. अशा स्नायूची कंडरा पुन्हा शिवणे म्हणजे कुजक्या गोणपाटाला टाके घालणे.

मात्र उसवलेली शिवण म्हणजे वाया गेलेला खांदा असे समजू नये. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या फाटीच्या १८ रुग्णांपैकी १७ जणांची शिवण उसवलेली आढळली, तरी पहिल्या वर्षात बहुतेकांना आराम होता. पुढच्या वर्षी तो काहीसा ओसरला. म्हणून चित्राला नव्हे, माणसाला पाहावे. उताणे निजून हात छताकडे उचलण्यापासून सुरू होणारा डेल्टॉइडचा व्यायाम निदान तीन महिने नेमाने करून पाहावा. तसेच आत जंतू लपलेले नाहीत ना, हे आधी तपासून घ्यावे. खांद्यातील एक जंतू इतका संथ वाढतो की प्रयोगशाळेत नमुना दोन आठवडे ठेवावा लागतो.

कंडरा चांगली असेल व वय कमी असेल तर पुन्हा शिवणे योग्य. वयस्कर माणसाला फक्त वेदना नको असतील तर दुर्बिणीने आतली साफसफाई करून दुखरी बायसेप्सची कंडरा सोडवतात. खांद्यात विरघळणारा फुगा बसवण्याची पद्धतही निघाली आहे, पण इंग्लंडमधील २०२२ सालच्या चाचणीत फुग्यापेक्षा नुसती साफसफाईच सरस ठरली. आम्ही तरी त्यासाठी पैसे मोडा म्हणणार नाही.

कष्टाचे काम करणाऱ्या तरुण माणसासाठी पाठीच्या रुंद स्नायूची कंडरा सोडवून खांद्यावर जोडतात. गेर्बर यांनी १९८८ साली ही रीत मांडली. जपानच्या मिहाता यांनी मांडीतील पडद्याचा तुकडा सांध्याच्या वर बसवण्याची पद्धत काढली. दोन्हींनंतर महिनोन्‌महिने व्यायाम लागतो, आणि सांधा झिजलेला असेल तर उपयोग नाही.

मग राहतो उलटा सांधा. फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामों यांनी १९८५ साली आपला असा सांधा प्रथम बसवला. युक्ती साधी आहे: गोळा फऱ्याच्या हाडावर आणि वाटी दंडावर, म्हणजे देवाने केलेल्या रचनेच्या उलट. त्यामुळे फिरण्याचा बिंदू आत व खाली जातो, डेल्टॉइडला पहारीसारखा जोर मिळतो आणि टोपडे नसतानाही हात वर जातो. डेल्टॉइड व त्याची नस शाबूत हवी, ही मुख्य अट. साधारण पासष्टीच्या पुढे हा मार्ग पसंत करतात, कारण सांधा सैल झाल्यास पुन्हा बदलणे अवघड असते. निखळणे व जंतुसंसर्ग हे धोके आहेत. हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची ताकद पुरती येईलच असे नाही. जेवण, अंघोळ, केस विंचरणे जमते. पोते खांद्यावर घेणे मात्र कायमचे बंद. हे शेतकऱ्याला आधी स्पष्ट सांगायला हवे, आणि तेच बहुधा राहून जाते.

आमच्या त्या शेतकऱ्यांच्या दोन स्नायूंत चरबी भरली आहे, म्हणून पुन्हा शिवण्यात अर्थ नाही असे तिसऱ्या डॉक्टरांचे मत पडले. डेल्टॉइड चांगला आहे. सध्या ते व्यायाम करीत आहेत. सांध्याचा निर्णय सुगीनंतर होईल. अशा कामासाठी जाताना पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद, जुना व नवा एमआरआय आणि साखरेचा तपास सोबत न्यावा, व घरातील एका जाणत्याला बरोबर घ्यावे.