तोतये आणि त्यांचे पाठीराखे (भाग 6) : एडविन विल्सनची फाइल

डेव्हिड ॲडलर हे ह्यूस्टनचे वकील. वकिली करण्याआधी ते सीआयएमध्ये अधिकारी होते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यायालयाने त्यांच्याकडे एका कैद्याचं वकीलपत्र सोपवलं. या कैद्याचं नाव घेतलं की वॉशिंग्टनमधले अर्धे लोक विषय बदलत. एडविन विल्सन. मूळचा हेर, पुढे शस्त्रांचा दलाल, एकूण पन्नासहून अधिक वर्षांची शिक्षा झालेला. आपण जे केलं ते सीआयएच्या संमतीने केलं, असं तो पकडला गेल्यापासून सांगत होता. असं सांगणारे भामटे सरकारी वकिलांना नवे नसतात, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. ॲडलर यांनीही तो शब्दावर ठेवला नाही. ते सरकारी देखरेखीखाली गोपनीय कागद वाचायला बसले. सीआयएतला कागद कसा लिहितात, कोणत्या वाक्यात काय दडवतात, हे त्यांना ठाऊक होतं. या प्रकरणाचा निकाल शेवटी त्या वाचनाने लावला.

मागच्या आठवड्यात आपण दिल्लीचं नगरवाला प्रकरण पाहिलं. 24 मे 1971, पार्लमेंट स्ट्रीटची स्टेट बँक, पंतप्रधानांच्या नावाने आलेला एक फोन आणि बाहेर गेलेले 60 लाख रुपये. तिथे सगळी मदार एका आवाजावर होती. विल्सनचं प्रकरण याहून अवघड आहे, कारण त्याच्या बोलण्यातला बराच भाग खरा होता.

विल्सनचा जन्म 1928 चा, आयडाहोतल्या नॅम्पाजवळच्या शेतकरी घरातला. 1955 मध्ये तो सीआयएत लागला. त्याची खासियत म्हणजे आडोशाच्या कंपन्या. अशा कंपनीला खरं कार्यालय असतं, खरी गिऱ्हाइकं असतात, ती जहाजावर खरा माल चढवते. त्या मालात एखादी पेटी संस्थेची असते, एवढंच. जो ती कंपनी चालवतो त्याला व्यापार येतो, बंदरातले अधिकारी ओळखीचे होतात, खासदारांच्या कार्यालयात ये-जा सुरू होते. 1971 मध्ये विल्सन सीआयएतून बाहेर पडला आणि नौदलाच्या 'टास्क फोर्स 157' या गुप्त पथकासाठी तेच काम करू लागला. 1976 मध्ये नौदल गुप्तचर विभागाचे प्रमुख ॲडमिरल बॉबी इनमन यांनी त्याचा करार पुढे चालवायला नकार दिला. सरकारी कंत्राटं मिळवून देण्यासाठी हा माणूस आपल्याकडे शब्द टाकतो, हे त्यांना खटकलं होतं.

सरकारी नोकरी संपली, तोवर विल्सनकडे व्हर्जिनियातल्या अपरव्हिल भागात 2,000 एकरांहून मोठी इस्टेट उभी राहिली होती. तिथे सिनेटर येत, सेनापती येत, सीआयएतले जुने सहकारी शिकारीला आणि जेवायला येत. एवढा पैसा आला कुठून, असं पाहुण्यांपैकी कुणी विचारल्याचं दिसत नाही. त्या मेजवान्या हेच त्याचं भांडवल होतं. नव्या गिऱ्हाइकाला तो फार काही सांगत नसे. फक्त इस्टेटीवर बोलावी आणि शेजारी कोण बसलं आहे ते पाहू देई.

त्याचा भागीदार फ्रँक टर्पिल हाही सीआयएतलाच, संदेशवहन विभागातला तंत्रज्ञ. टर्पिलची कथा आपल्याकडूनही जाते. दिल्लीत नेमणुकीवर असताना तो चलनाच्या काळ्या व्यवहारात गुंतला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नोकरी गेली. पुढे युगांडाच्या इदी अमीनला माल पुरवण्यापर्यंत त्याची मजल गेली. 1976 मध्ये या दोघांनी लिबियाच्या कर्नल गद्दाफीच्या राजवटीशी सौदा जमवला. स्फोटकांचे टायमर, स्फोटकं आणि ती वापरायला शिकवणारी माणसं पुरवायची, असा तो सौदा होता.

या लेखमालेतला माझ्या मते सर्वांत धीराचा माणूस आता येतो. केव्हिन मल्केही. हेही सीआयएचे माजी कर्मचारी, संगणक आणि संदेशवहनातले जाणकार. दारूच्या व्यसनातून महत्प्रयासाने बाहेर आले होते आणि व्यसनमुक्तीचं काम करत होते. 1976 मध्ये विल्सनने त्यांना आपल्या कंपनीत मोठ्या पदावर घेतलं. काम संस्थेच्या आशीर्वादानेच चाललं आहे, असा मल्केहींचा समज होता आणि तो होणं साहजिकच होतं. ज्यांच्याशी व्यवहार होत होते ते पुरवठादार सीआयएचेच पुरवठादार होते. टायमरच्या कामात मदत करणारा माणूस तर सीआयएच्या नोकरीत होता. मग मल्केहींनी कार्यालयातली कागदपत्रं बारकाईने पाहायला सुरुवात केली. लिबियाबरोबरचे प्रशिक्षणाचे करार दिसले, स्फोटक यंत्रांचे हिशेब दिसले. हा संस्थेचा उद्योग असूच शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

सप्टेंबर 1976 मध्ये त्यांनी सीआयएला आणि एफबीआयला कळवलं आणि जिवाच्या भीतीने ते स्वतः लपून राहू लागले.

यानंतर जे झालं, किंवा झालं नाही, तिथे थांबायला हवं. आतल्या माणसाने नावानिशी, कागदांनिशी तक्रार केली होती. तरी पहिला आरोप ठेवला जायला एप्रिल 1980 उजाडला. साडेतीन वर्षं. सीआयएने घरातलं प्रकरण घरात मिटवण्याकडे कल ठेवला. 1977 मध्ये वर्तमानपत्रात बातमी आल्यावर संचालक स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी विल्सनला मदत करणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. न्याय विभागात परदेशी भूमीवर असं प्रशिक्षण देणं कोणत्या कलमात बसवायचं यावर खल होत राहिला. शिवाय प्रत्येक चौकशी अधिकाऱ्यापुढे एकच भिंत होती. विल्सन खरंच संस्थेसाठी काम करत असेल तर? मग आपण एखादी गुप्त मोहीम उघडी पाडू आणि नोकरीला मुकू. हा प्रश्न विचारायचा कुणाला, तर सीआयएला. आणि सीआयए असल्या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही.

तोतयाचा सारा धंदा या जागेवर उभा असतो. आपण बँकेचे साहेब आहोत असं कुणी सांगितलं तर बँकेत फोन करता येतो. आपण हेर आहोत असं सांगणाऱ्याची चौकशी केली तर कार्यालयाचं उत्तर ठरलेलं असतं. खऱ्या हेराबद्दल आणि खोट्या हेराबद्दल ते सारखंच मौन पाळतं. विल्सनला हे मौन नोकरीतूनच ठाऊक झालं होतं.

त्या मौनाच्या आडून काय काय गेलं पाहा. 1976 मध्येच त्याने क्यूबातून आलेल्या काही जुन्या लढवय्यांना एका माणसाला संपवण्यासाठी दहा लाख डॉलर देऊ केले. लक्ष्य कुख्यात दहशतवादी कार्लोस आहे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात तो गद्दाफीचा विरोधक उमर मुहैशी होता. संशय येताच ते मागे फिरले. अमेरिकी सैन्यातले 'ग्रीन बेरे' जवान मोठ्या पगारावर लिबियात शिकवायला गेले. आपण देशाचंच काम करतो आहोत, अशी त्यांतल्या काहींची प्रामाणिक समजूत होती. आणि ऑक्टोबर 1977 मध्ये ह्यूस्टनहून एक विमान उडालं. त्यात तेलविहिरी खोदताना वापरायच्या चिखलाचे डबे असल्याची नोंद होती. डब्यांत सुमारे 20 टन सी-4 हे स्फोटक होतं.

प्रकरण पुढे रेटलं ते वॉशिंग्टनचे सरकारी वकील लॉरेन्स बार्सेला यांनी. चिलीचे माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिए यांची सप्टेंबर 1976 मध्ये वॉशिंग्टनमध्ये मोटारीत बॉम्ब ठेवून हत्या झाली होती. त्या तपासात असताना विल्सनचं नाव बार्सेला यांच्या कानावर आलं. लेतेलिए प्रकरणाशी त्याचा संबंध निघाला नाही, पण बार्सेला यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. आरोप ठेवले गेले तेव्हा विल्सन त्रिपोलीत होता आणि गद्दाफी त्याला देणार नव्हता. मग बार्सेला यांनी अर्न्स्ट कायझर नावाच्या माणसाची मदत घेतली. हा स्वतः मुरलेला भामटा होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत आपला हात आहे, तिच्यासाठी काम केलंस तर तुझे खटले मिटतील, तोवर डॉमिनिकन प्रजासत्ताकात सुरक्षित राहशील, अशी थाप त्याने विल्सनला मारली. आयुष्यभर हीच थाप विकणाऱ्या विल्सनने ती विकत घेतली. जून 1982 मध्ये तो सांतो दोमिंगोच्या विमानतळावर उतरला. त्याला देशात घेतलं नाही, न्यूयॉर्कच्या विमानात बसवलं. तिथे बेड्या तयार होत्या.

मल्केहींना त्याला कठड्यात उभा पाहता आलं नाही. ऑक्टोबर 1982 मध्ये ते व्हर्जिनियात मृतावस्थेत सापडले. वय चाळिशीच्या आसपास. मृत्यू नैसर्गिक ठरला. खटले सुरू होण्याची वाट पाहताना ते पुन्हा दारूकडे वळले होते. तर्कवितर्क खूप झाले, पण साध्या गोष्टीकडे लक्ष कमी गेलं. तक्रार करणाऱ्या माणसाला सहा वर्षं टांगून ठेवलं, तर तो खचतो.

व्हर्जिनियात शस्त्रांच्या तस्करीसाठी विल्सनला 15 वर्षांची शिक्षा झाली. पुढचा खटला ह्यूस्टनचा, सी-4 चा. बचाव एकच होता : लिबियात मिसळून माहिती मिळवण्यासाठी मी संस्थेच्या संमतीने हे करत होतो. उत्तरादाखल सरकारने सीआयएचे तिसऱ्या क्रमांकाचे अधिकारी चार्ल्स ब्रिग्ज यांचं प्रतिज्ञापत्र दिलं. दफ्तर तपासलं असता, 1972 मधला एक प्रसंग वगळता, विल्सनने 1971 मध्ये नोकरी सोडल्यानंतर संस्थेने त्याला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कोणतंही काम सांगितलेलं नाही, असा त्याचा आशय. ज्युरीचं एकमत होईना. त्यांनी ते प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. त्यानंतर तासाभरात निर्णय आला : दोषी. फेब्रुवारी 1983. शिक्षा 17 वर्षं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तुरुंगातून सरकारी वकिलांच्या आणि साक्षीदारांच्या हत्येचा कट केल्याबद्दल आणखी 25 वर्षं झाली.

इलिनॉयमधल्या मॅरियनच्या कडक तुरुंगात विल्सनने पुढची बरीच वर्षं एकांतकोठडीत काढली. तिथून तो माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करत राहिला. एकेक कागद बाहेर येत गेला. त्यांतूनच प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे आलं आणि ॲडलर यांच्याकडे गेलं. ॲडलर यांनी तारखांनुसार नोंदी लावल्या, तेव्हा नोकरी सोडल्यानंतरचे सीआयएशी किमान 80 संपर्क निघाले. त्यांतली काही कामं तर ज्यासाठी त्याच्यावर खटला झाला तशाच प्रकारची होती. यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे निघाली. प्रतिज्ञापत्र खोटं आहे हे सीआयएच्या वकिलांना आणि न्याय विभागातल्या वरिष्ठांना फार लवकर समजलं होतं. ते वापरू नका, असा सल्ला सीआयएच्या मुख्य कायदा सल्लागाराने आधीच दिला होता. निकालानंतर यावर बैठका झाल्या, टिपणं फिरली, आणि न्यायालयाला काही न सांगण्यावर सगळे स्थिरावले. त्या बैठकांतले काही जण पुढे संघराज्याच्या न्यायालयांत न्यायाधीश झाले.

ऑक्टोबर 2003 मध्ये न्यायाधीश लिन ह्यूज यांनी ह्यूस्टनची शिक्षा रद्द केली. सरकारने न्यायालयाला जाणूनबुजून फसवलं आणि ते लपवलं, असं त्यांनी निकालपत्रात स्वच्छ म्हटलं. 2004 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, विल्सन सुटला. आपल्याला गोवणाऱ्या अधिकाऱ्यांवर त्याने दावा लावला, पण सरकारी वकिलांना असलेल्या संरक्षणामुळे तो फेटाळला गेला. 2012 मध्ये तो वारला. टर्पिल त्याआधीच, 1980 मध्ये, जामिनावर असताना पळाला होता. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या गैरहजेरीत 53 वर्षांची शिक्षा झाली. ती त्याने एक दिवसही भोगली नाही. 2016 मध्ये हवानात त्याचा मृत्यू झाला.

विल्सन निर्दोष ठरला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते चुकीचं आहे. व्हर्जिनियाची आणि न्यूयॉर्कची शिक्षा कायम राहिली. विमान ह्यूस्टनहून उडालं होतं आणि त्यात सी-4 होतं, हे ह्यूज यांनीही नाकारलेलं नाही. जुन्या सहकाऱ्यांशी गाठीभेटी होणं वेगळं आणि गद्दाफीला 20 टन स्फोटकं विकायची परवानगी असणं वेगळं. अशी परवानगी दिल्याचा कागद 80 संपर्कांत कुठेही निघाला नाही. माझं मत असं की विल्सन भामटाच होता, आणि त्याला तसा ठरवण्यासाठी खोट्याची गरज नव्हती. 80 संपर्क ज्युरीपुढे मांडून, ते सगळे असूनही हा सौदा संमतीने झालेला नाही, असं सिद्ध करायची हिंमत सरकारने दाखवायला हवी होती. त्यांनी सोपी वाट धरली, कारण ते 80 संपर्क उघड झाले असते तर विल्सनच्या मेजवान्यांना कोण कोण जात होतं हेही उघड झालं असतं.

पुढच्या आठवड्यात सिडनीची न्यूगन हँड बँक. तिचा एक संस्थापक फ्रँक न्यूगन 27 जानेवारी 1980 रोजी लिथगोजवळ आपल्या मोटारीत मृत सापडला, आणि त्याच्या खिशात सीआयएचे माजी संचालक विल्यम कोल्बी यांचं कार्ड होतं. त्या बँकेच्या कागदांत एडविन विल्सनचं नाव पुन्हा येतं, तेव्हा हा भाग जपून ठेवा.