महाराष्ट्रातील वाइन पर्यटन

वाइन पर्यटन म्हणजे द्राक्षबागा व वायनरी (वाइन तयार करण्याचा कारखाना) यांना भेट देऊन निर्मितीची प्रक्रिया पाहणे आणि तेथील वाइनची चव घेणे. महाराष्ट्रात हे पर्यटन मुख्यतः नाशिक जिल्ह्यात विकसित झाले आहे. पुणे, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतही वायनऱ्या आहेत.

== इतिहास ==
१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे 'शातो इंडाज' ही वायनरी उभारली. तिची 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन परदेशातही विकली गेली. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकजवळ 'सुला' ही वायनरी सुरू केली. २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. विंचूर (नाशिक) व पलूस (सांगली) येथे वाइन उद्याने स्थापन झाली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

== मार्ग आणि ठिकाणे ==
पिंपरी-चिंचवडमधील रहाटणीसारख्या उपनगरातून नाशिक फाटामार्गे पुणे-नाशिक महामार्गाला लागता येते. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर व सिन्नर या मार्गाने नाशिक सुमारे २०० किलोमीटर आहे. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला व यॉर्क, तर इगतपुरी तालुक्यात कवनईजवळ व्हॅलोने ही लहान वायनरी आहे.

== हंगाम ==
येथील उष्ण हवामानात द्राक्षवेल युरोपातल्याप्रमाणे हिवाळ्यात सुप्तावस्थेत जात नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच घेतले जाते. तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात होते. द्राक्षे गाळण्याचे व आंबवण्याचे काम प्रत्यक्ष पाहण्यासाठी हाच काळ योग्य ठरतो.

== आस्वादन ==
पांढऱ्या वाइनसाठी साधारणतः साल वेगळी करून केवळ रस आंबवतात. लाल वाइन सालीसह आंबवली जाते व तिला रंग सालीतूनच मिळतो. चव घेताना प्रथम पांढऱ्या, नंतर लाल व शेवटी गोड वाइन असा क्रम ठेवतात. प्रथम रंग पाहिला जातो, मग पेला हलकेच फिरवून सुवास घेतला जातो आणि त्यानंतर लहान घोट तोंडात घोळवला जातो. घोट गिळणे आवश्यक नसते. तो टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ वर्षे आहे. वाहनचालकाने आस्वादनात भाग घेऊ नये.

== लहान वायनऱ्या आणि शेतकरी ==
वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची व बियांची असल्यामुळे खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात त्यांना फारसे मोल मिळत नाही. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांना ठरलेला ग्राहक उरला नाही आणि काहींनी वाइनच्या बागा तोडल्या. इंडाज कंपनीही आर्थिक अडचणीत सापडली. मोठ्या जाहिरातीचा व वितरणाचा खर्च न झेपणाऱ्या लहान वायनरीला भेटीस आलेल्या पर्यटकांना होणारी थेट विक्री उपयोगी पडते, आणि तिला द्राक्षे पुरवणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न वायनरीच्या खपावरच अवलंबून असते.