घसरत वळणारी गाडी : पैसे मोजण्यापूर्वी

रिमोटच्या गाडीचा हट्ट आपल्या घरांना नवा नाही. मूल बाजारात ती गाडी पाहते, घरी येऊन रुसून बसते, आणि बोनस हाती पडला की वडील ती आणून देतात. आठ दिवसांत तिचे एक चाक निखळते आणि ती माळ्यावर जाते. परंतु अलीकडे या हट्टाला निराळे वळण लागले आहे. सातवी-आठवीतली मुले-मुली, एवढेच नव्हे तर नुकतेच कामाला लागलेले तरुणही मोबाईलवर चित्रफिती पाहून 'ड्रिफ्टची गाडी' मागू लागले आहेत. ही गाडी वळणावर सरळ वळत नाही. शेपूट बाहेर फेकून, आडवी होऊन, घसरत घसरत वळते. दिसायला मोठी झोकदार. तिच्या नावाखाली दुकानात वाटेल ते विकले जाते, म्हणून या विषयावर आम्ही जरा विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम ड्रिफ्ट म्हणजे काय ते पाहू. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मोटारसायकलचे मागले चाक सटकते, तेव्हा चालविणाऱ्याच्या काळजात धस्स होते. ड्रिफ्टमध्ये हेच सटकणे मुद्दाम घडवून आणतात आणि ताब्यात ठेवतात. मागची चाके बाहेर सरकली की पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला फिरवायची, आणि वेग असा सांभाळायचा की गाडी गरकन फिरूही नये व सरळही होऊ नये. या कलेचे माहेर जपान. तेथील डोंगरी घाटरस्त्यांवर तरुण मंडळी जुन्या, साध्या गाड्या घेऊन हे प्रकार करीत. त्यांतूनच पुढे आलेले केईची त्सुचिया 'ड्रिफ्ट किंग' म्हणून प्रसिद्धी पावले, आणि त्यांच्यामुळे टोयोटाची एई८६ ही लहानशी गाडी जगभर माहीत झाली. खेळण्यांच्या दुकानांतून आज अनेक ड्रिफ्ट गाड्यांवर याच एई८६ चा नाहीतर निसान सिल्वियाचा साचा चढविलेला असतो, त्याचे कारण हे.

रिमोटच्या गाड्यांतही जपानने आघाडी घेतली. शिझुओका शहरातील तामिया कंपनीने आपली पहिली रिमोटची मोटार १९७६ साली काढली. पुढे २००० नंतरच्या वर्षांत तेथील हौशी लोकांनी शर्यतीच्या छोट्या गाड्या घसराव्यात म्हणून एक साधी युक्ती केली. रबरी टायरवर पीव्हीसी पाइपची कडी कापून बसविली. कोणी नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली. पकड गेली आणि गाडी घसरू लागली! नळकाम करणाऱ्या आपल्या बांधवांकडे असले पाइपचे तुकडे पोत्याने पडलेले असतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल. कंपन्यांनी नंतर कडक प्लास्टिकचे तयार टायर बाजारात आणले, आणि खास ड्रिफ्टसाठी बांधलेल्या गाड्याही आल्या.

आता खरेदीकडे वळू. दुकानदार 'ड्रिफ्ट' लिहिलेला चकचकीत खोका पुढे करील. खोका बाजूला ठेवा आणि गाडी हातात घ्या. रिमोटचे चाक किंचित, अगदी पाव भाग फिरवायला सांगा. गाडीची पुढची चाके तेवढीच किंचित वळली तर गाडी कामाची. चाके एकदम कडेपर्यंत जाऊन आपटत असतील, म्हणजे 'पूर्ण डावे' किंवा 'पूर्ण उजवे' एवढेच तिला कळत असेल, तर ते खेळणे आहे. त्यावर ड्रिफ्ट कधीच शिकता येणार नाही. हीच परीक्षा वेगाची. रिमोटचा घोडा थोडा ओढला की मोटर हळू फिरली पाहिजे, जास्त ओढला की जास्त. घसरण ताब्यात ठेवणे म्हणजे हे थोडे-जास्त सांभाळणे. जी गाडी 'थोडे' जाणत नाही, तिच्यावर मूल कितीही हुशार असले तरी काय करणार? तेव्हा या एका परीक्षेत नापास झालेली गाडी फुकट मिळाली तरच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा आहे ना, हेही विचारावे. जुन्या पद्धतीच्या २७ मेगाहर्ट्झच्या दोन स्वस्त गाड्या शेजारी शेजारी चालविल्या की एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी पळवतो आणि चाळीत भांडण लागते. नव्या पद्धतीत प्रत्येक रिमोट आपल्याच गाडीशी जोडलेला असतो.

गाड्यांची मापे मूळ मोटारीच्या प्रमाणात सांगतात. १:२८ म्हणजे मूळ गाडीच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढी, तळहातावर मावणारी. १:१८ ची साधारण वीतभर किंवा थोडी जास्त. १:१० ची मात्र चांगली हातभर, आणि खरे ड्रिफ्टचे सामने बहुतेक याच मापात होतात. जपानच्या योकोमोची वायडी-२, तैवानच्या एमएसटीची आरएमएक्स, तामियाची टीटी-०२डी ही या मापातील नावाजलेली नावे. परंतु या मोठ्या गाड्यांच्या किमतीत एक गोम आहे. त्या पुष्कळदा सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळतात. घरी पेच आवळून जोडायच्या. खोक्यावर लिहिलेली किंमत पाहून माणूस हरखतो आणि घरी आल्यावर कळते की रिमोट, चाके वळविणारी सर्व्हो मोटर, बॅटरी, चार्जर यांतले काहीच आत नाही. हे सारे धरले तर रक्कम सहज दुपटीच्या घरात जाते. शिवाय माल परदेशी. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. म्हणून परदेशी चित्रफितीत सांगितलेली किंमत रुपयांत बदलून तेवढ्यात गाडी मिळेल, अशी आशा कोणी धरू नये.

आमचा कल विचाराल तर पहिली गाडी १:२८ किंवा १:१८ ची, बॅटरी-रिमोटसह तयार मिळणारी घ्यावी. चीनच्या डब्ल्यूएलटॉइजची के९६९ ही चार चाकांना जोर असणारी १:२८ ची गाडी अशांपैकीच एक. अशी गाडी दहा बाय बाराच्या खोलीत, पलंग थोडा सरकवून चालते. ती भिंतीवर आपटली तरी हलकी असल्याने सहसा मोडत नाही. तिचा एक दोष सांगितला पाहिजे : रिमोटची लहर पकडणारा भाग, वेग सांभाळणारा भाग आणि सर्व्होचे सर्किट एकाच पट्टीवर असतात, एक जळले की पट्टीच बदलावी लागते. म्हणून घेतानाच विचारून घ्यावे, की पट्टी, दातेरी चाके आणि पुढची हाडे सुटी मिळतात का? 'आणून देऊ' हे उत्तर पुरेसे नाही, दाखवा म्हणावे. गाडी खिळून वा चिकटवून बंद केलेली नको, पेचांनी उघडणारी हवी. कारण मुलांनी ती उघडावी, बिघडवावी आणि पुन्हा जोडावी यातच निम्मा फायदा आहे. ज्या घरात वडील वा काका वायरमन, फिटर किंवा गॅरेजमध्ये आहेत, त्या घरातले मूल तर या बाबतीत भाग्यवान समजावे. बहिणीला मात्र 'तू बघ' म्हणून बाजूला बसवू नका; तिच्याही हाती पेचकस द्या.

दुसरा प्रश्न, जोर चारही चाकांना की फक्त मागच्या दोघांना? चारही चाकांना जोर असला की पुढची चाके गाडीला ओढून घेतात, त्यामुळे घसरताना ती चटकन भोवरा होत नाही. शिकणाऱ्याला धीर येतो. पण चाके उलट फिरविण्याची जी खरी गंमत, ती यात कमी. फक्त मागच्या चाकांना जोर असलेली गाडी अगदी खऱ्यासारखी घसरते. मात्र माणसाच्या बोटांना तिचा वेग पेलत नाही. डोळ्यांनी पाहून बोट हलवीपर्यंत ती गरकन फिरलेली असते. यासाठी तिच्यात जायरो नावाचा छोटासा भाग बसवितात. गाडी फिरू लागली हे त्याला माणसाआधी कळते आणि तो पुढची चाके उलट वळवून तोल सावरतो. मागच्या चाकांच्या जोराची पण जायरो नसलेली गाडी नवशिक्याने घेऊ नये. जायरो आहे, असे नुसते सांगितले तर विश्वास ठेवू नका. गाडी चालू करून हातात उचला आणि तिचे शेपूट झटक्याने डावीकडे फिरवा. पुढची चाके आपोआप डावीकडे वळली पाहिजेत. उजवीकडे फिरवले तर उजवीकडे. चाके हललीच नाहीत तर जायरो नाही, किंवा बंद आहे. उलट दिशेला गेली तर तो उलटा लागलेला आहे, आणि अशी गाडी सुटताक्षणी भोवऱ्यासारखी फिरेल. पुष्कळ जायरोंना दिशा बदलण्याचे बटण असते, त्यामुळे एवढ्यावरून गाडी नाकारायचे कारण नाही.

मोटर जास्त ताकदीची पाहिजे, हा एक गैरसमज. टायर कडक असल्याने चाके थोड्या जोरातही जागच्या जागी फिरतात. तामियाच्या साध्या संचांबरोबर येणारी ५४० जातीची ब्रशवाली मोटर शिकायला भरपूर झाली. तिच्यात मिक्सरसारखेच कार्बन असतात व झिजतात. साध्या बंद मोटरचे कार्बन बदलता येत नाहीत, मोटरच बदलावी लागते. पण ती त्यातल्या त्यात स्वस्त असते. त्यापेक्षा जमिनीकडे लक्ष द्यावे. गुळगुळीत कोबा किंवा मोठ्या लाद्यांची फरशी उत्तम. शहाबादीच्या सांध्यांत लहान गाडी अडखळते, आणि डांबरी रस्त्यावर प्लास्टिकचे टायर भराभर झिजतात. रस्त्यावर तर ती चालवूच नये. गाडीमागे धावणाऱ्या मुलाला रिक्षा दिसत नाही. गच्चीवर चालवायची असेल तर आधी झाडून घ्या. धूळ दातेरी चाकांत शिरते, आणि अर्धी फरशी स्वच्छ व अर्धी धुळकट असली की घसरण एकसारखी राहत नाही. आणि चाकांना घसरवायचे म्हणून फरशीवर तेल-पाणी टाकायचे नाही. गाडीत वीज आहे, आणि घरात आजीही आहे!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, बॅटरी. आपली घरे लहान. एकाच खोलीत गॅस, गादी, कपडे आणि झोपलेली मुले. अशा घरात बॅटरीचा प्रश्न हौसेचा नसून सुरक्षेचा आहे. मोठ्या गाड्यांत दोन प्रकार चालतात. एक निकेल-मेटल हायड्राइड : १.२ व्होल्टचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट. जड असते, पण थोडी हेळसांड सोसते. दुसरी लिथियम पॉलिमर, म्हणजे लिपो : ३.७ व्होल्टचे दोन सेल मिळून ७.४. हलकी आणि ताकदवान, पण तिचे नियम कडक. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचे नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचे नाही. प्रत्येक सेल वेगळा तपासणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा. फुगलेली, चेपलेली किंवा भोसकलेली लिपो पेट घेऊ शकते, तेव्हा ती पुन्हा चार्ज करू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. मोठ्या गाडीसाठी निकेलचीच बॅटरी घ्या, असा आमचा आग्रह आहे. लहान तयार गाड्यांत मात्र बहुधा लिथियमच असते. ती चार्जिंगला लावून झोपू नये वा बाहेर जाऊ नये. फरशीवर, गादी-पडद्यापासून दूर, घरातले मोठे माणूस जागे असताना लावावी, आणि गाडीबरोबर आलेल्या चार्जरऐवजी हाताला लागेल तो चार्जर जोडू नये. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते खोक्यावर पाहून घ्यावे.

गाडी आली की पहिल्याच दिवशी आठ आकडा काढायला जाऊ नये. फरशीच्या मध्ये एक चप्पल ठेवा आणि तिच्याभोवती एकाच बाजूने घसरत गोल फिरवा. वेगाचा घोडा धरून ठेवायचा नाही. शिलाई मशीनच्या पायटीसारखा हलका दाबत-सोडत राहायचा. डावा गोल बसला की उजवा. अनेकांची एक बाजू लवकर बसते आणि दुसरी रडवते. रडवणाऱ्या बाजूलाच जास्त वेळ द्यावा. मग दोन चपला, आणि त्यांच्यामधून आठ. एका चार्जवर लहान गाडी दहा-पंधरा मिनिटे चालते. त्यानंतर मोटर व बॅटरी हाताला गार लागेपर्यंत पुन्हा चार्जिंग नाही. तेवढ्यात मुलांचा गृहपाठ होतो.

आणि जुनी रबरी टायरची गाडी आधीच माळ्यावर पडलेली असेल, तर ती खाली काढा. थोडे-जास्त ओळखण्याची परीक्षा तिची घ्या. पास झाली तर टायरच्या मापाचा पीव्हीसी पाइप शोधा, बारीक दातांच्या करवतीने टायरच्या रुंदीएवढ्या चार कड्या कापा, कडा पॉलिश पेपरने घासा आणि कड्या घट्ट ठोकून बसवा. सैल बसली तर आत टेपचा एक वेढा द्यावा. त्या गाडीवर महिनाभर चपलेभोवती गोल फिरवून पाहा. नवी गाडी घ्यायची की नाही, याचा निर्णय मग घरातले सगळे मिळून करू शकतात.